लाल लागलेली माणसं

नाव : श्रीमती मनकर्णाबाई धोंडीबा (आडनावावर रंग सांडल्याने वाचता येत नाही). वय : अंदाजे एकसष्ट. व्यवसाय : मेंढपालन. शिक्षण : निरंक. उपक्रमातील भूमिका : पशुधन सहभाग, स्वेच्छेने. उपक्रमापूर्वी एचआयव्ही-एड्सविषयक माहितीचा स्तर : शून्य. उपक्रमानंतर : समाधानकारक. दृष्टिकोनातील बदल : लक्षणीय. शेरा : सदर महिलेने लाल रिबनचा अर्थ व्यासपीठावरून स्वतःच्या शब्दांत सांगितला. त्यास मान्यवरांनी उत्स्फूर्त प्रतिसाद दिला.

ही नोंद शाळेने वर पाठवलेल्या अहवालाच्या परिशिष्ट तीनमध्ये आहे. अहवाल एकोणीस पानांचा आहे, त्याला स्पायरल केलेलं आहे आणि वर पारदर्शक प्लास्टिक आहे. नोंदीतली ‘मेंढपालन’ ही माहिती बिनचूक आहे.

जिंतूरहून येणारी एसटी जिथं वळून परत जाते, तिथं, येलदरीच्या धरणाच्या खालच्या अंगाला हे गाव आहे. निम्मं गाव शेतकऱ्यांचं, निम्मं धनगरांचं. मनकर्णाबाई धनगरांच्या निम्म्यातली. नवरा धोंडीबा मेंढरांमागं फिरतो आणि बोलत नाही. बोलायचं काम लग्नापासून बाईकडं आहे. मेंढरं एकशे छत्तीस. संध्याकाळी वाडग्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, एखादं कमी शिरलं तर मनकर्णाबाई न मोजता सांगते, कुठलं राहिलं, आणि बहुधा का राहिलं तेही. पण अहवालाच्या नमुन्यात असल्या गोष्टीसाठी रकाना नाही, म्हणून शिक्षण निरंक.

आता त्या शून्याचं बघू.

मुलगा बिरदेव सहा वर्षांपूर्वी गेला. त्याला काय झालंय हे कळलं तेव्हा उशीर झाला होता. सुनेला, शालूला, तीच बिमारी असल्याचं त्याच आठवड्यात कळलं, आणि तिथं मात्र उशीर झालेला नव्हता. तेव्हापासून सहा वर्षं शालू रोज एक गोळी घेते. गोळीची वेळ तिनं मोबाइलवर लावलेली आहे. मनकर्णाबाईनं ती मेंढरांवर लावलेली आहे : मेंढरं वाडग्यात शिरली की गोळी. या दोन घड्याळांतलं मोबाइलचं घड्याळ आजवर बऱ्याचदा बंद पडलेलं आहे.

जिंतूरच्या दवाखान्यात गोळ्या देताना समजावून सांगायला अर्पिता मॅडम म्हणून एक बाई बसतात. त्यांनी गेल्या वर्षी शालूचा रिपोर्ट पाहून सांगितलं होतं, की रक्तातला विषाणू आता सापडत नाही इतका कमी झालाय, गोळी अशीच चालू ठेवली तर हिच्यापासून नवऱ्यालासुद्धा धोका नसता. आणि हिनं शिजवलेलं खाऊन, हिच्या शेजारी बसून कुणाला काही होतं, असं तर आधीही कधीच नव्हतं.

“म्हंजी पाजून झालंय म्हना की,” मनकर्णाबाई म्हणाली.

“काय पाजून?”

मनकर्णाबाईनं मग मॅडमना समजावून सांगितलं. पाऊस उघडला की मेंढरांना जंताचं औषध पाजतात. सगळी सारखीच दिसतात, एकाच मेंढराला दोनदा पाजलं जाऊ नये आणि एखादं सुटू नये, म्हणून पाजलं की कपाळावर गेरूचा पट्टा ओढतात. लाल लागलं की त्या मेंढराची काळजी मिटली. त्याला कळपात सोडायचं. आत कोंडून ठेवायचं ते लाल न लागलेलं.

अर्पिता मॅडम म्हणाल्या, “आजी, हे आमच्या ट्रेनिंगमध्ये दोन दिवस शिकवतात.”

माहितीचा स्तर शून्य तो हा.

शालू गावातल्या शाळेत खिचडी शिजवायची. नववीपर्यंत शिकलेली, हात स्वच्छ, आणि मुख्य म्हणजे तिची खिचडी मुलं खायची. ज्यांनी शाळेची खिचडी पाहिलेली आहे त्यांना यातलं कौतुक सांगावं लागणार नाही. चार वर्षं बिनतक्रार चाललं. मग ऑक्टोबरात गावातली तानुबाई ब्लडप्रेशरच्या गोळ्या आणायला जिंतूरला गेली आणि तिनं शालूला अर्पिता मॅडमच्या दारापुढच्या रांगेत पाहिलं. ती दुपारच्या एसटीनं परतली. एसटी वळायच्या आत गावाला कळलं होतं.

शाळेच्या समितीचे अध्यक्ष किशनराव. सत्तर एकरांचे धनी आणि मृदू बोलणारे. त्यांनी मुख्याध्यापक महारुद्र सरांना बोलावून सांगितलं की आपल्याला तसलं काही वाटत नाही, पण लोकांना वाटतं. महारुद्र सरांनाही तसलं काही वाटत नव्हतं. ज्याला वाटतं असा माणूस शोधून सापडला नसता, पण दुसऱ्या दिवशी सरांनी शालूला “काही दिवस विश्रांती घ्या” म्हणून सांगितलं आणि पळी तानुबाईच्या हातात आली. तानुबाईच्या खिचडीत हळद फार पडते, पण हळद रक्तातून पसरत नाही, असं सगळ्यांनी धरून घेतलं.

शालू त्या दिवसापासून कुणाशी बोलेनाशी झाली. गोळी घ्यायची, पण ज्या तोंडानं घ्यायची ते तोंड बघवत नव्हतं. एका संध्याकाळी ती गोळी हातात धरून म्हणाली, “कशासाठी खायची, आत्याबाई? कुठं जायचंय मला?” मनकर्णाबाईनं तिच्या हातातून पाण्याचा तांब्या घेतला, पुन्हा दिला, आणि गोळी पोटात जाईपर्यंत समोरून हलली नाही. एक दिवस गोळी चुकली की दुसरा चुकतो, दुसरा चुकला की बिरदेवची वाट, हे तिला कुणी परिपत्रक काढून कळवलेलं नव्हतं. शालूला पुन्हा शाळेत घालायचं, एवढंच तिनं त्या दिवशी ठरवलं.

नोव्हेंबरात परिपत्रक आलं. एक डिसेंबरला एड्स दिन नावीन्यपूर्ण रीतीनं साजरा करावा. किमान एक छायाचित्र उंचावरून घेतलेलं असावं.

उंचावरून हा शब्द महारुद्र सरांना लागला. मागच्या वर्षी पाथरीकडच्या एका शाळेनं तीनशे मुलं लाल टोप्या घालून मैदानावर रिबनच्या आकारात बसवली होती आणि त्या मुख्याध्यापकांचा सत्कार झाला होता. सरांच्या पटावर मुलं सत्तेचाळीस. त्यांनी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आकार आखून, मुलं बसवून, स्वतः पाण्याच्या टाकीवर चढून पाहिलं. सत्तेचाळीस मुलांची रिबन वरून स्वल्पविरामासारखी दिसत होती.

टाकीवरून त्यांना लांबवर धोंडीबाची मेंढरं दिसली.

दुसऱ्या दिवशी सर मोटारसायकलवरून मनकर्णाबाईच्या वाडग्यापाशी आले. गाडी बंद न करताच म्हणाले, “मनकर्णाबाई, राष्ट्रीय काम आहे.”

“पोलिओचं का?”

“नाही हो. एड्सचं.”

मनकर्णाबाईनं हातातलं कोकरू खाली सोडलं. “मंग माज्या दारात काहून आलात, गुरजी? तुमीच म्हणलात की ह्या दारातनं काय बी शाळंत येऊ नये.”

“असं मी कधी म्हणालो? विश्रांती म्हणालो होतो मी.”

“दीड म्हैना झाला. लय विश्रांती झाली. आता बसून बसून पाय दुखायलेत तिचे.”

सरांनी गाडी बंद केली. काम लांबणार होतं. त्यांनी कल्पना समजावून सांगितली : मेंढ्या, लाल रंग, रिबनचा आकार, वरून ड्रोन.

“मेंढरं अशी आकारात उभी राहत्यात व्हय? त्येनला बी परिपत्रक आलंय का?”

“ते तुम्हीच बघायचं. तुमचं ऐकतात ना.”

“ऐकत्यात. पर मी काहून सांगू?”

सर म्हणाले, गावाचं नाव होईल. मनकर्णाबाई म्हणाली, गावाला नाव हाय. सर म्हणाले, सत्कार होईल, शाल मिळेल. मनकर्णाबाईनं एकशे छत्तीस लोकरीच्या अंगांकडं हात केला.

“शालूला परत घ्या, मेंढरं न्या,” ती म्हणाली.

“घेऊ की. कार्यक्रम झाला की बघू.”

“मंग मेंढरं बी कार्यक्रम झाला की आणते.”

महारुद्र सर वाईट माणूस नव्हेत. वाईट होण्यासाठी जे ठामपण लागतं ते त्यांच्यात नाही. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, “बरं. त्या दिवशी शालू शाळेच्या स्वयंपाकाला असेल. शब्द देतो.”

“आन दुसऱ्या दिवशी?”

“दुसऱ्या दिवसाचं दुसऱ्या दिवशी.”

मनकर्णाबाईनं हिशेब केला तो असा : पोरगी एकदा आत गेली, की बाहेर काढायला ह्या माणसाला पुन्हा तोंड उघडावं लागेल. आणि समोरासमोर तोंड उघडण्यात हा माणूस कच्चा आहे. ती हो म्हणाली.

एक डिसेंबरच्या सकाळी मुलांनी मेंढरं रंगवली. पाठीवर, पोटावर, शेपटावर, आणि उरलेला रंग एकमेकांच्या अंगावर. मनकर्णाबाई बघत उभी होती. औषध न पाजता मेंढराला लाल लावणं हे तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं आणि ते तिला बरं वाटत नव्हतं. पण रिबन तिनं चोख काढून दिली. खडेमीठ धान्याच्या भरड्यात कालवून तिनं मैदानावर फक्कीच्या रेघेवरून ओळीनं टाकत नेलं आणि कळप सोडला. मेंढरं रेघ धरून अशी उभी राहिली, की महारुद्र सरांना चौदा वर्षांच्या नोकरीत एकाही प्रार्थनेला अशी ओळ मिळाली नव्हती.

मग जिंतूरच्या लग्नाच्या फोटोवाल्यानं ड्रोन उडवला. डोक्यावर काहीतरी घोंघावतंय म्हटल्यावर मेंढरांनी मेंढरांना जे येतं ते केलं. सगळी एका जागी दाटून उभी राहिली. अहवालाच्या मुखपृष्ठावर जो लाल गोल आहे तो हा. खाली ‘रिबनचा मध्यभाग’ असं छापलेलं आहे.

तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली. तालुक्याहून दत्तराव साहेब, त्यांच्याबरोबर चार जण. दारातच मंजुषा मॅडम, म्हणजे शाळेतल्या दुसऱ्या शिक्षिका, ताटात लाल फिती आणि टाचण्या घेऊन उभ्या होत्या. साहेबांच्या छातीवर लाल फीत लागली. बरोबरच्या चौघांच्या लागली. किशनरावांच्या लागली, महारुद्र सरांच्या लागली, समितीच्या दोघा सदस्यांच्या लागली. तानुबाईला चुलीवरून हाक मारून आणलं आणि साहेबांनी स्वतःच्या हातानं तिच्या पदराला फीत लावली, फोटोवाल्यानं तीन फोटो काढले. उरलेली एक मंजुषा मॅडमनी स्वतःच्या ओढणीला लावली.

मनकर्णाबाई ताटापाशी गेली. “बाई, ह्येनला लाल काहून लावायलात?”

“एड्ससाठी, आजी.”

“सायेबाला बी?”

“साहेबांना आधी.”

“आन किशनरावाला?”

“आज सगळ्यांनाच. वर्षातून एकदा लावायचं असतं,” मंजुषा मॅडम म्हणाल्या आणि माईक चालत नव्हता तिकडं धावल्या.

मनकर्णाबाई तिथंच उभी राहिली. साहेब लोकांबद्दल तिला आयुष्यात कधी वाटला नव्हता एवढा आदर त्या क्षणी वाटला. अकरा माणसं! गाडीतनं फिरणारी, इस्त्रीची, शिकलेली. सगळ्यांना हीच बिमारी, सगळी औषधावर, आणि लपवलं नाही कुणी, उलट भर मैदानात छातीवर लाल लावून बसली. तिनं महारुद्र सरांकडं पाहिलं आणि त्यांना मनातल्या मनात माफ केलं. आपलं झाकायला दुसऱ्याचं उघडं पाडलं असेल बिचाऱ्यानं. भ्यालेलं माणूस असंच करतं. तानुबाई तर दवाखान्यात कशाला गेली होती, तेही आता नीटच कळलं.

ही समजूत दूर करायचं काम दत्तराव साहेबांच्या भाषणाचं होतं. भाषण पस्तीस मिनिटं झालं. त्यात रस्त्याचे खड्डे आले, साहेबांचं बालपण आलं, मेंढी हा किती उपयुक्त प्राणी आहे तेही आलं. रिबनचा अर्थ भाषणाच्या दुसऱ्या पानावर होता आणि दुसरं पान गाडीत राहिलं होतं. “रिबनचं महत्त्व आपण जाणताच,” असं म्हणून साहेबांनी तो मुद्दा संपवला.

मग पशुधन सहभागाबद्दल मनकर्णाबाईचा सत्कार झाला. शाल दिली, नारळ दिला. महारुद्र सरांनी माईक पुढं केला. “दोन शब्द बोला, मनकर्णाबाई. या लाल रिबनबद्दल.”

“मला काय बोलता येत न्हाई,” मनकर्णाबाई माईकमध्ये म्हणाली आणि बोलायला लागली. “आमच्यात पाजलेल्या मेंढराला लाल लावत्यात. लाल लागलं की भ्यायचं काम न्हाई. मला वाटायचं, ही बिमारी माज्या एकटीच्याच घरात हाय. आज बगितलं तर सायेबाला बी हाय. किशनरावाला बी हाय. गुरजीला हाय, तानुबाईला हाय. सायेब, तुमी खचू नका. माजी सून सहा वर्सं झालं गोळी खायलीय, टकाटक हाय. फकस्त एक दिस बी चुकवू नका. आन लपवलं न्हाई, ते लय चांगलं केलंत.”

मागं बसलेल्या मुलांनी टाळ्या वाजवल्या. खांबाला टेकून उभ्या असलेल्या धनगरांच्या बायांनी साहेबांकडं कळवळून पाहिलं. पहिल्या दोन रांगांत कुणी हललं नाही.

“तर आता मला एवढंच म्हनायचंय,” मनकर्णाबाई पुढं म्हणाली, “तुमाला समद्यांला लाल लागलंय आन तुमी समद्यांच्यात बसता, तसं तिला बी बसू द्या. पाजलेलं मेंढरू कुनी वाडग्याच्या भाईर ठिवत न्हाई.”

दत्तराव साहेबांचा हात छातीवर गेला. भावनेनं गेला असं पहिल्यांदा वाटलं. पण तो टाचणी शोधत होता. घाईत टाचणी अंगठ्यात घुसली, थेंबभर रक्त आलं, आणि शेजारचे किशनराव आपली खुर्ची वीतभर सरकवून बसले.

“मला काहीही झालेलं नाही,” साहेब माईक ओढून घेत म्हणाले. “मी पूर्णपणे नॉर्मल आहे. माझ्या घरचे सगळे नॉर्मल आहेत. ही फक्त रिबन आहे.” मग कुणाला ऐकू आलं नसेल म्हणून पुन्हा म्हणाले.

किशनरावांनी आपली फीत काढून खुर्चीखाली टाकली आणि वर पाय ठेवला. समितीच्या सदस्यांनी खिशात घातल्या. बरोबरच्या चौघांपैकी एकानं तर शर्टाचा खिसाही झटकला. तानुबाईनं पदर फाडूनच घेतला. “माज्या अंगाला कुणी लावली ही? मला काय बी न्हाई, इचारा माज्या नवऱ्याला!” नवऱ्याला कुणी काही विचारलं नाही. तो आधीच फाटकापर्यंत पोचला होता. चार मिनिटांत छात्या मोकळ्या झाल्या. मंजुषा मॅडमची फीत तेवढी राहिली, पण त्यात त्यांचा काही हेतू नव्हता. ओढणीच्या जाळीत ती गुंतली होती.

या गडबडीत इमारतीमागून शालू आली. तिच्या हातात कुऱ्हाड होती. महारुद्र सरांनी शब्द पाळला होता : शालू त्या दिवशी शाळेच्या स्वयंपाकाला होतीच. सकाळपासून मागच्या बाजूला लाकडं फोडत होती, भांड्यांपासून वीस पावलांवर. माईकवरचा सासूचा आवाज तिला तिथं ऐकू आला.

“आत्याबाई, चला घरी.”

“थांब गं. तुला लाकडं फोडाया बशिवलं व्हय ह्येनी? आन ह्या लोकांनी लाल काढून काहून टाकलं? आत्ता तर लावलं हुतं.”

“त्येनला काय बी न्हाई झालेलं. ती बिमार न्हाईत, आत्याबाई. ती नुसती लावत्यात.”

“बिमार न्हाईत तर मंग लावत्यात कशाला?”

“आमी तुमच्या संगं हाव, असं दाखवायला.”

मनकर्णाबाईनं मैदानाकडं पाहिलं. जमिनीवर सगळीकडं लाल फिती पडल्या होत्या आणि एक मेंढी त्यातली एक चघळत होती.

“संगं हायत,” ती म्हणाली. “आन मी म्हणलं तुमी हिच्यासारकेच हाव, तर काढून टाकलं?”

शालूनं तिचा दंड धरून तिला फाटकाकडं वळवलं. याचं उत्तर माहितीपत्रकात नव्हतं, मी ते वाचलेलं आहे.

वाटेत शालू एवढंच म्हणाली, “माजं नाव माईकवर घ्यायची काय गरज हुती?”

“नाव कुटं घेतलं? सून म्हणलं मी.”

“तुमाला एकच सून हाय, आत्याबाई.”

 मेंढरं वाडग्यात शिरली तेव्हा मनकर्णाबाईनं तांब्या भरून आणला आणि नेहमीसारखी समोर उभी न राहता पाठ करून बसली. शालूनं गोळी घेतली. “घेतली,” असं म्हणाली. मनकर्णाबाईनं वळून बघितलं नाही, आणि तिच्या परीनं माफी मागून झाली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. जनजागृतीच्या बहुतेक गोष्टी दुसऱ्या दिवशी संपतात. पण फोटोवाल्यानं रात्रीतून फोटो गावाच्या ग्रुपवर टाकले होते.

निम्म्या गावाला मेंढराच्या लाल पट्ट्याचा अर्थ जन्मापासून ठाऊक होता. उरलेल्या निम्म्याला तो माईकवरून कळला होता. सकाळी लोकांनी फोटो बघितले : तानुबाईच्या पदराला लाल, आणि लावणारे स्वतः साहेब. साहेबांना नसतं ठाऊक तर कोणाला असतं?

“तानुबाईला बी हाय म्हनं.”

“न्हाई म्हनती की ती.”

“हाय म्हनील का?”

तानुबाई पहिल्या एसटीनं जिंतूरला गेली, रक्त तपासून घेतलं आणि काही नसल्याचा कागद घेऊन गावभर फिरली. लोकांनी कागद उलटसुलट बघितला. जिला काही नाही ती कशाला तपासायला जाईल, असं म्हणून परत दिला. अहवालात ‘उपक्रमामुळे चाचणीस प्रवृत्त झालेल्या महिला’ या रकान्यात एक हा आकडा आहे, तो खरा आहे. तानुबाईच्या खिचडीला तिसऱ्या दिवशी एकही मूल बसलं नाही. चौथ्या दिवशी तिच्या नवऱ्यानं पळी शाळेच्या पायरीवर आणून ठेवली.

तिकडं किशनरावांच्या घरी त्यांच्या मालकीणबाईंनी त्यांचं ताट वेगळं मांडायला सुरुवात केली होती. तांब्याही वेगळा होता. “मला तसलं काही वाटत नाही,” त्या म्हणाल्या, “पण सुनांना वाटतं.” किशनरावांनी आवाज चढवला, शपथा घेतल्या, अर्थ समजावून सांगितला. रिबन म्हणजे सहानुभूती, असं सत्तर एकरांचा धनी आपल्या पडवीत बसून आठ दिवस ज्याला त्याला सांगत होता. एवढं मनापासून या विषयावर जिल्ह्यात कुणी बोललं नसेल. कुणाला पटलं नाही.

शाळेनं खिचडीच्या जागेसाठी फळ्यावर सूचना लावली, दवंडी दिली. महारुद्र सर घरोघर फिरले. पण ती पळी आता दोन बिमार बायकांच्या हातातली झाली होती, आणि तिसरी व्हायला कुणी तयार नव्हतं. दिवस कापूस वेचणीचे होते. बाया सकाळी सातला शेतात जात होत्या आणि पोरांना डबा करून द्यायचा म्हणजे पाचला उठावं लागत होतं. पहिल्या आठवड्यात डबे आले. दुसऱ्या आठवड्यात निम्मे आले. तिसऱ्या सोमवारी सत्तेचाळीस मुलांत चार डबे होते आणि त्यातला एक रिकामा होता.

त्या दुपारी महारुद्र सर पुन्हा वाडग्यापाशी आले. या वेळी गाडी लांबच लावली आणि चालत आले.

“शालूची विश्रांती झाली का?” त्यांनी विचारलं.

मनकर्णाबाई कोकराचे कान तपासत होती. तिनं मान वर केली नाही. “तिलाच इचारा. आत हाय.”

शालू दारात आली. “लाकडं फोडाया येणार न्हाई, सर.”

“नाही, नाही. शिजवायलाच.”

“आन त्या दिवसापुरतं न्हाई.”

“नाही.”

“अर्ज लिहून देते. तुमी सही करून पोच द्या.”

सरांनी दिली. समोरासमोर तोंड उघडण्यापेक्षा सही करणं त्यांना नेहमीच सोपं जातं. मंगळवारी शालूनं चूल पेटवली. मुलं बसली, कारण भूक लागली होती, आणि उठेनात, कारण खिचडीत हळद बेताची होती. आयांनी दोन दिवस विचारलं, कुणी शिजवली. मग विचारणं बंद केलं, कारण उत्तर ऐकलं असतं तर पाचला उठावं लागलं असतं. शालू पुन्हा बोलायला लागली आहे. बहुतेक करून ती मुलांवर ओरडते.

मेंढरांचा रंग दोन पावसाळे जाणार नाही असं धोंडीबा म्हणतो. हे त्याचं या सगळ्या प्रकरणातलं एकमेव वाक्य.

अहवालाचं शेवटचं पान ‘फलनिष्पत्ती’ या नावाचं आहे. त्यात म्हटलं आहे की, ‘सदर उपक्रमाद्वारे ग्रामस्थांमध्ये झालेल्या व्यापक मतपरिवर्तनाचा परिपाक म्हणून एका बाधित भगिनीस शालेय पोषण आहाराच्या कामी सन्मानपूर्वक पुनर्स्थापित करण्यात आले असून, याकामी समितीचा निर्णय एकमताने झाला.’

अर्ज एकच आला होता.